अट क्रमांक नऊ

आमच्या ऑफिसात फाइल हरवते, किस्सा हरवत नाही. फाइलला नंबर असतो, लाल फीत असते, रेकॉर्ड रूममध्ये ठरलेली जागा असते, आणि तरीही नेमक्या हव्या त्या दिवशी ती सापडत नाही. किश्शाला यातलं काहीच नसतं. तो चहाच्या टेबलावर पडून असतो आणि जो येतो तो आपली थोडी भर घालून पुढे सरकवतो.

मी बेलापूरला, नवीन वसाहतींचे नकाशे तपासणाऱ्या सेक्शनमध्ये काम करते. परवा पाळणाघराबाहेर ताटकळलेल्या दोन आयांना सहज एक किस्सा सांगितला, तर त्या म्हणाल्या, "अगं, लिहून काढ ना हे." म्हणून बसले. हे सगळे किस्से एकाच फाइलचे आहेत. ती फाइल मी तपासली, मीच पास केली आणि बरोबर पास केली, असं मी आता ठामपणे म्हणते. तेव्हा म्हणायची हिंमत नव्हती.

*

बाळंतपणाची रजा आणि तिला जोडता येतील तेवढ्या सगळ्या रजा संपवून मी कामावर रुजू झाले, तेव्हा माझा मुलगा निनाद आठ महिन्यांचा होता. पहिल्याच दिवशी आमच्या काझीसाहेबांनी माझ्यापुढे एक फाइल ठेवली. काझीसाहेब सेक्शनचे प्रमुख, पनवेलच्या जुन्या घरातले, आवाज कधीही न चढवणारे. कोपरखैरण्याच्या बाजूला एका जुन्या गावाला लागून मोकळी जमीन होती, तिथे एका बिल्डरला रो-हाउसचे अठ्ठेचाळीस प्लॉट पाडायचे होते. मी रस्ते, गटारं, मुलांची खेळायची जागा बघायची, गावाच्या हरकती ऐकायच्या, अटी लिहायच्या आणि मग मंजुरी द्यायची किंवा नाही द्यायची.

माझी ही पहिली स्वतंत्र फाइल. मी ती तीन दिवस उघडायची आणि मिटायची. मधल्या वेळात पाळणाघरात फोन. डायरेक्ट लाइन फक्त काझीसाहेबांच्या टेबलावर, त्यामुळे माझं सगळं संभाषण त्यांच्या कानावर. "काकू, झोपला का? काकू, खाल्लं का? काकू, शी कशी झाली?"

चौथ्या दिवशी मी फोन ठेवल्यावर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, निनाद रांगायला लागला, आनंद आहे. फाइल अजून पालथीसुद्धा पडलेली नाही. तिच्याकडेही बघा जरा."

*

मग मी बघितलं, आणि असं बघितलं की बिल्डरच्या आर्किटेक्टला घाम फुटला. आर्किटेक्टचं नाव देसाई. कायम इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना "हे तर स्टँडर्ड आहे मॅडम" असं दर दोन वाक्यांनी.

मी विचारलं, "हा फुटपाथ एवढाच? समोरासमोर दोन बाबागाड्या आल्या तर एकीला रस्त्यावर उतरावं लागेल."

देसाई म्हणाले, "दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या मॅडम, तर त्या ढकलणाऱ्या दोघी थांबणारच. अर्धा तास तरी. फुटपाथ कितीही रुंद केला तरी."

सगळा सेक्शन हसला. मीही हसले, कारण आदल्या संध्याकाळीच मी वाशीच्या बागेसमोर तशीच चाळीस मिनिटं उभी होते. पण फुटपाथ मी रुंद करून घेतला. चाळीस मिनिटं उभं राहायचं तर मागच्याला जायला जागा नको?

*

नकाशात मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यात मधोमध एक छान डेरेदार झाड दाखवलं होतं. मला फार आवडलं होतं ते. शेरा लिहिताना मी कौतुकाने लिहिलंसुद्धा की, "अस्तित्वातील वृक्ष जतन करावा."

मग साइट व्हिजिटला गेलो. काझीसाहेब, देसाई, मी आणि आमचे ड्राफ्ट्समन म्हात्रे. म्हात्रे बोलतात कमी, पण टेप धरला की दोन इंच इकडचे तिकडे होऊ देत नाहीत. चालत चालत त्या जागी आलो तर झाड कुठेच नाही. होती ती विहीर. चांगली रुंद, काठोकाठ पाणी, कठडा माझ्या गुडघ्याएवढा, त्यातही एका बाजूने ढासळलेला.

झालं होतं असं की सर्व्हे करणाऱ्याने विहिरीचा गोल काढला होता. देसाईंच्या ऑफिसात गोल दिसला की त्याला पानांची झालर काढायची पद्धत. त्यांच्याकडे झाडांचा साचाच होता, तो ठेवायचा आणि पेन फिरवायचं.

काझीसाहेबांनी देसाईंकडे बघितलं. देसाई म्हणाले, "हे तर..." आणि पहिल्यांदाच पुढचं बोलले नाहीत.

म्हात्रे विहिरीत वाकून बघत म्हणाले, "झाड चांगलं हाय साहेब. खत-पानी काय घालायला नको. आत एक कासवपन हाय."

बाकीचे हसत होते. मला मात्र त्या गुडघ्याएवढ्या कठड्यापलीकडे दुसरं काही दिसत नव्हतं. अठ्ठेचाळीस घरं, घरटी एक-दोन मुलं, आणि मधोमध हे पाणी. ऑफिसात परत येऊन मी आधी पाळणाघरात फोन केला आणि मग फाइलवर लिहिलं, "लहान मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर विहीर बुजवण्यात यावी." अक्षर इतकं ठाम आलं होतं की माझं मलाच खरं वाटेना.

*

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला असतो. त्यातलं काही काढून टाकायचं तर रबर चालत नाही. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन शाई हलक्या हाताने खरवडायची. मग त्या ट्रेसिंगवरून निळ्या प्रिंट काढायच्या. म्हात्र्यांचा हात या खरवडण्यात इतका साफ की दुसऱ्या सेक्शनची माणसं आपली ट्रेसिंग घेऊन त्यांच्याकडे येतात.

मी म्हात्र्यांना सांगितलं, "विहीर खरवडून टाका, तिथे घसरगुंडी दाखवा."

प्रिंट आली. घसरगुंडी होती, आणि तिच्याभोवती पुसट, पण अगदी गोल, विहीर. मी म्हटलं, "म्हात्रे, गोल राहिलाय." ते म्हणाले, "परत करतो मॅडम." दुसरी प्रिंट. घसरगुंडी, विहीर. तिसरी प्रिंट. घसरगुंडी थोडी फिकट, विहीर जास्त गडद!

मी ट्रेसिंग उजेडात धरलं. आपलाच काहीतरी घोटाळा होतोय, प्रिंट वाचताच येत नाहीये, असं मला पहिल्यांदा वाटलं. मला नेहमीच तसं वाटतं. शेवटी म्हटलं, "म्हात्रे, तुमच्या हातून एक गोल निघत नाही?"

म्हात्रे ब्लेड कागदात गुंडाळत म्हणाले, "मॅडम, माझं गाव हाय ते. माझ्या हळदीचं पानी त्या बावीतलं. तुमी दुसऱ्या कोनाला सांगा, तो काढील. माझा हात नाय चालत."

तिथली माणसं विहिरीला बाव म्हणतात. मी कोणालाच सांगितलं नाही. ट्रेसिंग तसंच गुंडाळून कपाटात ठेवलं.

*

मग हरकती मागवल्या. नोटीस गावात लावली, शेजारच्या सोसायट्यांमध्ये लावली. हरकती आल्या त्या वाचताना आमचा एक आख्खा दुपारचा चहा गेला.

एका गृहस्थांची हरकत होती की नोटीस त्यांच्या दारावर आणि चौकटीवर मिळून अशी चिकटवली आहे की दार उघडलं तर शासकीय कागद फाटतो, म्हणून ते दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत आहेत. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांची हरकत होती की रो-हाउस झाली की बाल्कनीतून खाडी दिसणार नाही.

काझीसाहेबांनी त्यांना विचारलं, "आत्ता दिसते?"

"आत्ता नाही दिसत. पण फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये दिसत होती."

आणि एक हरकत लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली होती. अक्षर शाळकरी, खाली निळा अंगठा. बारकीबाय नावाच्या बाईंची. म्हात्र्यांनी सांगितलं, ही आमची धवलारीण. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात देवांना बोलावण्यापासून हळद उतरेपर्यंत धवल्यांची गाणी म्हणत सगळा विधी चालवणारी बाई. मजकूर एवढाच होता: "आमच्या गावात बावीचे पाणी आणल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आपण बाव बुजवणार असाल तर गावातील मुलींची लग्ने कशी लावावी ते आम्हास लेखी कळवावे."

हरकतींच्या रजिस्टरमध्ये रकाने असतात. रस्ते, गटारे, मोकळी जागा, पाणीपुरवठा, इतर. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी पाणीपुरवठा लिहिलं. काझीसाहेबांनी ते खोडलं. मला वाटलं ते 'इतर' लिहिणार. त्यांनी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'लग्ने'.

*

सुनावणी गावातल्या शाळेच्या वर्गात झाली. आम्ही फळ्याच्या बाजूला, लोक बाकांवर. बारकीबाय पहिल्या बाकावर, पाय जमिनीला टेकत नव्हते. कमरेत वाकलेली, उंचीने पाचवीतल्या मुलीएवढी, हिरवं लुगडं, आणि नजर अशी की मी दोनदा पदर सारखा केला. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

मी माझा शेरा वाचला. मुलांची सुरक्षितता वगैरे. चांगला वाचला. आवाज कापला नाही.

बारकीबाय म्हणाली, "तुला पोर हाय?"

"आहे. नऊ महिन्यांचा."

"चालतो?"

"रांगतो, आजी."

"मग तो आजच्या आज नाय यायचा बावीवर. बस खाली." मी बसले. खरंच बसले. ती पुढे विचारती झाली, "बाळंतीण झाल्यावर तू बाव पूजली व्हती?"

आता इथे मला 'हा प्रश्न सुनावणीच्या विषयाशी संबंधित नाही' असं म्हणता आलं असतं. तसं म्हणायची तरतूद आहे. पण कोणी सरळ विचारलं की माझ्याकडून खरंच बोललं जातं. मी म्हटलं, "आमच्या बिल्डिंगला विहीर नाही. सासूबाईंनी बाथरूमच्या नळाला हळदकुंकू वाहायला लावलं."

आख्खा वर्ग हसला. देसाई फळ्याकडे तोंड करून हसले. बारकीबाय मात्र हसली नाही. "नळ तर नळ," ती म्हणाली, "पूजलंस ना? मग तुला कळतं. आमच्या पोरी आमी नळाकडं नेऊ का?" आणि मग बाकांकडे वळून, "गावात बावीत कोन पोर बुडालं, हात वर करा." कोणी हात वर केला नाही. "आमी पोर हातात घेऊन त्याला बाव दाखवतो. त्याचं तोंड त्यालाच दाखवतो. मग ते बावीला घाबरत नाय आनि बावीत जातपन नाय."

आमची स्टेनो रजेवर होती, म्हणून इतिवृत्त म्हात्र्यांनी लिहिलं. ते आजही फाइलमध्ये आहे. मुद्दा क्रमांक चार: "मॅडमनी नळ पूजल्याचे मान्य केले."

*

त्यानंतर आठवडाभर मी कोणाला न सांगता घाबरत होते. विहीर ठेवली आणि एखादं मूल पडलं, तर सही माझी. विहीर बुजवली, तर त्या गावातलं प्रत्येक लग्न माझ्या शेऱ्याशी येऊन अडणार. दोन्हीकडून मीच. मी काझीसाहेबांना विचारलं, "साहेब, तुम्ही काय केलं असतं?"

ते म्हणाले, "मी हे काम तुम्हाला दिलं असतं. तेच केलंय."

मग मी एका शनिवारी शांतपणे बसले आणि नकाशा नव्याने मांडला. विहीर जागच्या जागी. खेळायचा कोपरा उचलून पार दुसऱ्या टोकाला. गावातून विहिरीपर्यंत वाट, लग्नाची बायामाणसं वाजतगाजत येतील एवढी रुंद. विहिरीला नवा कठडा, भोवती उंच उभी लोखंडी जाळी, जाळीला दार. या सगळ्यात दोन प्लॉट गेले.

देसाई म्हणाले, "एका विहिरीसाठी दोन प्लॉट? मॅडम, हे स्टँडर्ड नाही."

मी म्हटलं, "विहिरीला झाड म्हणणंही स्टँडर्ड नव्हतं." हे मी बोलले. मीच. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

*

राहिला दाराचा प्रश्न. मी म्हटलं कुलूप लावू. बारकीबायने निरोप पाठवला, "कुलूप नको. हळदीच्या दिवशीच किल्लीवाला मयताला गेला तर?" मग कुलूप नाही, नुसती कडी. पण कडी अशा उंचीवर की लहान मुलाचा हात पोचताच कामा नये.

ती उंची मी काढली. आमच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला भिंतीला उभं केलं, हात वर करायला लावला, पेन्सिलीने खूण केली. मग तिला उडी मारायला लावली, ती खूण. मग विचार आला, मुलं बादली उपडी करून वर चढतात. बादलीवर उभं केलं, ती खूण. मग निनादकडे बघितलं. तो जमिनीवर बसून पेन्सिल खात होता. त्याच्यासाठी आणखी थोडी वाढवली. एकूण दोन मीटर. माझा स्वतःचा हात टाचा उंच केल्यावर पोचत होता.

अट क्रमांक नऊ: "जाळीच्या दाराची कडी जमिनीपासून दोन मीटर उंचीवर असावी, जेणेकरून ती लहान मुलाच्या हाताला लागणार नाही."

देसाईंनी विचारलं, "हे कुठल्या नियमात आहे?"

काझीसाहेबांनी सही करता करता सांगितलं, "त्यांच्या घरच्या भिंतीवर."

नवीन ट्रेसिंग म्हात्र्यांनी एका बैठकीत काढलं. विहिरीचा गोल त्यांनी इतका सुंदर काढला होता की प्रिंट घ्यायच्या आधी मी तो उगाच उजेडात धरून बघितला.

*

आता शेवटचा. रो-हाउस बांधून झाली तोवर निनाद तीन वर्षांचा झाला होता. काम अटींप्रमाणे झालंय का ते बघायला म्हात्रे आणि मी साइटवर गेलो. त्या दिवशी पाळणाघराच्या काकू आजारी, म्हणून निनाद माझ्याबरोबर. मी त्याचा हात सकाळपासून सोडला नव्हता, त्याला घाम आला होता.

म्हात्र्यांकडे फॉर्म होता. एकेक अट वाचायची, बघायची, पुढे 'पूर्तता झाली' किंवा 'झाली नाही'. रस्ते झाले. गटारं झाली. फुटपाथ रुंद होता आणि त्यावर दोन बाबागाड्या समोरासमोर थांबलेल्या होत्या. आठ अटी बघून आम्ही विहिरीपाशी आलो. कठडा उत्तम, जाळी भक्कम, दार घट्ट. म्हात्र्यांनी टेप लावला. कडी बरोबर दोन मीटरवर. मला इतकं बरं वाटलं की मी निनादचा हात सोडला.

तेवढ्यात वाटेवरून बारकीबाय आली. कमरेत आणखी वाकली होती, काखेत कळशी. संध्याकाळी गावात हळद होती. मला ओळखलं तिने. "नळवाली ना गो तू?" म्हणाली. मग दारापाशी गेली, वर बघितलं. कडी तिच्या डोक्याच्या कितीतरी वर.

मी कडीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. मुलांच्या सगळ्या उंच्या मी मोजल्या होत्या. हिची मोजायची मला आठवणच झाली नव्हती. "आजी," मी विचारलं, "तुमचा हात पोचत नाही. मग इतके दिवस तुम्ही पाणी काढता कसं?"

"त्याला काय," ती म्हणाली. कळशी खाली ठेवली, मी काही म्हणायच्या आत निनादला दोन्ही काखांखाली धरून डोक्यापर्यंत उचललं आणि म्हणाली, "काढ रं बाला."

निनादने एका बोटाने कडी काढली.

दार उघडलं. बारकीबायने त्याला तसाच धरून कठड्यावरून आत दाखवलं. "बघ. कोन हाय?"

"मी," निनाद म्हणाला. मग खाली बोट दाखवत, "आणि कासव."

म्हात्रे फॉर्म हातावर धरून, पेनाचं टोपण उघडून, अगदी ऑफिसात विचारतात तसे विचारत होते, "मॅडम, अट क्रमांक नऊ. कडी लहान मुलाच्या हाताला लागत नाही. काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा. पूर्तता झाली."